सॉफ्टवेअरची अडत : जुन्या धंद्याची नवी शाखा

अडत हा शब्द आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असतो. शेतकऱ्याचा माल आपल्या ओट्यावर येतो, आपण त्यास गिऱ्हाईक लावून देतो, मापे होतात, पट्टी निघते आणि ठरलेली अडत आपल्या खाती जमा होते. माल आपला नसतो, घेणाराही आपला नसतो. आपली असते ती दोघांमधली ओळख आणि त्या ओळखीवरचा विश्वास. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगात असाच एक धंदा निराळ्या मालाच्या बाबतीत वाढला आहे. तो माल म्हणजे संगणकावर व मोबाईलवर चालणारी प्रणाली, जिला सर्व लोक सॉफ्टवेअर म्हणतात. आणि त्या धंद्यास अॅफिलिएट मार्केटिंग असे नाव आहे. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण, तशाच शिकलेल्या मुली व सुना, या कामाविषयी विचारणा करीत असतात. दुकानात दोघा भावांनाच पुरेसे काम नाही, तेथे तिसऱ्याने काय करावे, हा प्रश्न आदिलाबादेत आज घरोघर आहे. सबब या कामाचे स्वरूप काय, मिळकत कशी होते व धोका कोठे असतो, याचा विचार या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि अडत आम्हांस कळते, आणि या नव्या धंद्याचे निम्मे मर्म अडतीतच आहे असे आमचे मत झाले आहे.

प्रथम कामाची रीत पाहू. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी अॅफिलिएटास एक खास लिंक देते. त्या लिंकमध्ये त्याचा क्रमांक गुंफलेला असतो. अॅफिलिएट आपल्या लेखात, चित्रफितीत किंवा ओळखीच्या व्यापाऱ्यास धाडलेल्या संदेशात ती लिंक देतो. वाचणाऱ्याने तीवर बोट ठेवले की त्याच्या यंत्रात कुकी नावाची एक खूण पडते, आणि ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर त्या खुणेवरून गिऱ्हाईक कोणी पाठविले ते कंपनीस कळते. अॅमेझॉन या अमेरिकन कंपनीने पुस्तकांच्या विक्रीसाठी ही पद्धत १९९६च्या जुलैत सुरू केली व तेथून ती जगभर पसरली. अॅमेझॉनच्या व्यवहारात खुणेची मुदत साधारणतः २४ तासांची असते. सॉफ्टवेअरच्या कंपन्या बहुधा महिना, दोन महिने, क्वचित त्याहूनही अधिक मुदत देतात, कारण हिशोबाची प्रणाली कोणी एका दिवसात ठरवून घेत नाही. दोन अॅफिलिएटांनी एकाच गिऱ्हाइकास लिंक दिली असेल तर बहुतेक ठिकाणी शेवटच्या लिंकवाल्यास दलाली मिळते. शिवाय गिऱ्हाइकाने माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत दलाली अनामत राहते, व त्याने पैसे परत घेतले तर ती रद्द होते. हे सर्व करारपत्रात लिहिलेले असते. आपल्यापैकी किती जण ते वाचतात, हा प्रश्न निराळा.

हा माल दुसऱ्याच्या तोंडून विकला जाणे ही काही परदेशी गोष्ट नव्हे. आपल्या दुकानांत ज्या टॅलीवर मुनीम हिशोब लिहितात ती एका व्यापारी घराण्यातच जन्मली. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. स्वतःच्या जमाखर्चास योग्य अशी प्रणाली त्यांस मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ती लिहिली, आणि १९८६ साली बंगळूर येथे पितापुत्रांनी त्याचाच धंदा मांडला. पुढे ती प्रणाली गावोगाव पोहोचली ती मुख्यतः भागीदार-विक्रेत्यांच्या जाळ्यातून. भरत गोयंका यांस २०२० साली पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील व मराठी माणसांचे आहे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले. ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय यांस त्यांनी संगणकाचे शिक्षण दिले, व संजय यांनी संगणकातील व्हायरस काढणारी प्रणाली तयार केली. १९९५च्या सुमारास ती बाजारात आली, तिचे नाव क्विक हील. त्या नावाची कंपनी २००७ पासून आहे व २०१६च्या फेब्रुवारीत तिचे समभाग शेअरबाजारात आले. हा माल गावोगावी पोहोचविण्यात संगणक विकणारे व दुरुस्त करणारे दुकानदार यांचा मोठा वाटा होता. याचे कारण उघड आहे. ज्याचे यंत्र बंद पडले आहे तो मनुष्य जाहिरात पाहत बसत नाही. ज्याने यंत्र चालू करून दिले त्यालाच तो विचारतो, ‘आता यात काय घालू?’

या वाक्यात सगळा धंदा आला. विचारणारा आधी आपल्याकडे यावयास हवा, आणि तो त्याच्या अडचणीसाठी यावयास हवा. जे तरुण दिवसभर शंभर गटांवर लिंका फेकीत असतात व महिनाअखेर काहीच मिळाले नाही म्हणून खिन्न होतात, त्यांनी हे ध्यानात घेतलेले नसते. बाजारात ‘तूर घ्या, तूर घ्या’ म्हणून ओरडत हिंडणाऱ्यास कोणी अडत देत नाही.

मग आदिलाबादच्या माणसाजवळ असे काय आहे, जे बंगळूर-मुंबईच्या हुशार मुलांजवळ नाही? पुष्कळ आहे. आपली पेठ कापसाची, सोयाबीनची, तुरीची, हरभऱ्याची. आपण मराठी बोलतो, तेलुगू समजतो, हिंदीत सौदे करतो. आपले सोयरे पैनगंगेपलीकडे पांढरकवड्यास व वणीस, तसेच किनवटास व नांदेडास आहेत. अडत्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, बाजार फी कशी धरावी, बारदान्याचा हिशोब कसा ठेवावा, हे आपणांस सांगावे लागत नाही. आणि नेमके हेच कंपनीच्या इंग्रजी पुस्तकात नसते. एखाद्या प्रणालीत अडत्याची पट्टी मराठीतून कशी काढावी, अशी दहा मिनिटांची चित्रफीत जो करील त्याला पाहणारे थोडेच मिळतील. पण जे मिळतील ते सगळे अडत्ये असतील. या धंद्यात हजार रिकाम्या पाहुण्यांपेक्षा असे वीस जण मोलाचे.

परंतु सांगणाऱ्यास ते आधी नीट आले पाहिजे. काही गोष्टी उदाहरणादाखल सांगतो, कारण यांवरच गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो किंवा बुडतो. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्यावरील जीएसटी स्वतः भरावा लागतो. ही उलटी आकारणी जी प्रणाली सरळपणे करीत नाही ती जिनवाल्याच्या कामाची नाही. सुटे धान्य करमुक्त असले तरी १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, छाप व मजकूर असलेल्या बंद पिशवीवर ५ टक्के कर आहे. म्हणजे एकाच वखारीतील एकच तांदूळ गोणीत एका हिशोबाने व पिशवीत दुसऱ्या हिशोबाने जातो. प्रणालीत हे दोन माल म्हणून घालता आले पाहिजेत. उलट बाजूस, ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांस आहे. लहान दुकानदारास नाही. तसेच हिशोबातील प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारी प्रणाली वापरण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो कंपनी कायद्याखालील कंपन्यांना. एकट्याच्या मालकीच्या पेढीस तो लागू नाही.

आता पाहा. आमच्या माहितीतील एका किराणा दुकानदारास कोणा लिंकवाल्याने ‘सरकारचा नियम आहे’ असे सांगून दुप्पट किमतीची आवृत्ती घ्यावयास लावली. दुकान एकट्याच्या मालकीचे, उलाढाल ५ कोटींच्या कितीतरी खाली. लिंकवाल्यास दलाली दुप्पट मिळाली असेल. परंतु पुढल्या वर्षी त्या दुकानदाराने ती प्रणाली सोडली, आणि तो आता कोणत्याही लिंकेवर बोट ठेवीत नाही. आमच्या भावकीतील एक सूनबाई हेच काम घरून करतात. त्या लिंक पाठविण्याआधी समोरच्यास तीन गोष्टी विचारतात : पेढी कोणाच्या नावे आहे, उलाढाल किती, आणि सध्या वही कोण लिहिते. तीन उत्तरांवरून त्या पुष्कळांना ‘आपणांस फुकटची आवृत्ती पुरेशी आहे’ असे सांगून मोकळ्या होतात. प्रथम आम्हांस हे वेड्यासारखे वाटले. नंतर आम्ही हिशोब मांडून पाहिला.

तो हिशोब असा. मानू की, प्रणालीची वार्षिक किंमत ६,००० रुपये आहे. एक कंपनी पहिल्या विक्रीवर ४० टक्के, म्हणजे २,४०० रुपये, एकदाच देते. दुसरी २० टक्के, म्हणजे १,२०० रुपये देते. पण गिऱ्हाईक जोवर वर्गणी भरीत राहील तोवर दरवर्षी देते. अॅफिलिएट वर्षास ४८ नवी गिऱ्हाइके लावतो, दरमहा चार. पहिल्या कंपनीकडून त्यास दरवर्षी १,१५,२०० रुपये मिळतील. दुसरीकडून पहिल्या वर्षी ५७,६०० च मिळतील, आणि येथेच बहुतेक तरुण पहिलीकडे वळतात. परंतु चारांतील तीन गिऱ्हाइके दरवर्षी टिकली तर दुसऱ्या वर्षी ८४ जण वर्गणी भरणारे होतात व दलाली १,००,८०० होते. तिसऱ्या वर्षी १११ जण व १,३३,२०० रुपये. चौथ्या वर्षी सुमारे १३१ व १,५७,२००. पाचव्या वर्षी सुमारे १४६ व १,७५,२००. पाच वर्षांची बेरीज पहिलीकडे ५,७६,००० व दुसरीकडे ६,२४,००० येते. म्हणजे चार वर्षे दुसरी मागेच राहते व पाचव्या वर्षी पुढे जाते. मात्र चारांतील एकच गिऱ्हाईक टिकत असेल, तर दुसऱ्या कंपनीचे वार्षिक उत्पन्न ७७,००० च्याही वर कधी जाणार नाही, मग दहा वर्षे काम करा. तात्पर्य, दर वर्षी मिळणाऱ्या दलालीत सारा फायदा गिऱ्हाईक टिकण्याचा आहे, आणि गिऱ्हाईक टिकते ते माल त्याच्या कामाचा असेल तरच. सूनबाईंची ‘नाही’ म्हणण्याची सवय ही धंद्याची अक्कल आहे, दानधर्म नव्हे. पण जो तरुण वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या कामास जाणार आहे त्याने एकवेळच्या दलालीची कंपनी घेतली तर आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. फक्त प्रणाली चांगली असावी.

आता दलाली सांगावी की लपवावी, या प्रश्नाकडे येऊ. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्त्याची चाल होती. शेजारी उभ्या शेतकऱ्यास आपल्या मालाचा भाव कितीवर गेला, कोणी किती म्हटले, काही कळत नसे. हैदराबाद संस्थानात १९३० साली, म्हणजे १३३९ फसलीत, शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. आंध्र प्रदेशाचा बाजार कायदा १९६६ चा. नियंत्रित बाजारांत उघड लिलाव आले. त्यामुळे अडत बुडाली काय? नाही, उलट अडत किती हे पट्टीवर छापून येऊ लागल्यावर तिच्याविषयीची कुरकूर कमी झाली. लिंकेखालची दलाली लपविणे ही रुमालाची चाल परत आणणे आहे. कायद्यानेही ती आता बंद आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३च्या जानेवारीत याविषयी स्पष्ट सूचना काढल्या : शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी पैशाचा संबंध असेल तर तो सोप्या भाषेत, सहज दिसेल असा सांगितला पाहिजे. फसव्या शिफारशीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत व पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आमचा सल्ला असा की, लिंकेच्या वरच, खाली नव्हे, मराठीत लिहावे : ‘या दुव्यावरून खरेदी केल्यास मला कंपनीकडून दलाली मिळते, आपणांस किंमत तेवढीच पडते.’ दुसरे अर्धवाक्य खरे असेल तरच लिहावे. एकाच मंदिरात, एकाच लग्नाच्या पंगतीत भेटणाऱ्या माणसांत ही गोष्ट विशेष जपावी लागते. दलाली मागाहून कळली तर ती कितीही लहान असो, संबंध जातो.

अडत्याच्या दुसऱ्या बाजूस कंपनी असते, आणि तेथे आपण दुबळे असतो. धान्याच्या अडतीत वही आपल्याकडे असते. येथे वही कंपनीकडे. किती जणांनी लिंक वापरली, किती जणांनी घेतले, हे ती सांगेल ते खरे. म्हणून आपली कीर्द आपण वेगळी ठेवावी : कोणास कोणत्या तारखेस लिंक दिली, त्याने केव्हा खरेदी केल्याचे कळविले, कंपनीच्या पानावर ते केव्हा दिसले. दरमहा ताळा घ्यावा. कंपनीने दर बदलला तर करारानुसार बहुधा आपण काही करू शकत नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये अॅमेझॉनने अनेक मालांवरील दलाली एकदम कमी केली, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबलेल्यांचे उत्पन्न एका आठवड्यात घसरले. एकाच व्यापाऱ्यास सारा माल उधार न देण्याचा आपला नियम येथेही पाळावा, व दोन-तीन कंपन्यांचा माल ठेवावा.

खूण पळविणारेही असतात. पेपाल कंपनीच्या मालकीचे हनी नावाचे साधन शेवटच्या क्षणी आपली खूण घालून दुसऱ्यांची दलाली घेते, असा जाहीर आरोप २०२४च्या डिसेंबरात झाला व प्रकरण अमेरिकेत न्यायालयांत गेले. दुसरीकडे अॅफिलिएटही लबाडी करतात. लोकांनी लिंक न वापरताच त्यांच्या यंत्रात गुपचूप खुणा पाडून इ-बे या कंपनीकडून दलाली उकळणाऱ्या दोन बड्या अॅफिलिएटांस २०१४ साली अमेरिकेत कैद झाली. आणि जेथे काम देण्याआधी आपल्याकडूनच ‘प्रवेश शुल्क’ मागतात, वर आणखी माणसे जोडल्याबद्दल पैसे देऊ म्हणतात, तो अॅफिलिएटचा धंदाच नव्हे. ती साखळी होय, आणि तशा योजनांस १९७८च्या कायद्याने बंदी आहे. चांगली कंपनी अॅफिलिएट होण्यासाठी पैसा घेत नाही.

एका गोष्टीवर मात्र आमच्या धान्याच्या व्यापारी बांधवांनी विशेष लक्ष द्यावे, कारण इतरांहून ती आपणांसच अधिक बाधते. आपल्यापैकी पुष्कळ पेढ्या केवळ करमुक्त सुट्या धान्याचा व्यापार करतात व म्हणून त्यांस जीएसटीची नोंदणी लागत नाही, उलाढाल कोटींत असली तरी. सॉफ्टवेअरची दलाली ही मात्र करपात्र सेवा आहे, दर १८ टक्के. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे खरी. परंतु ती मोजताना त्याच पॅनवरील करमुक्त उलाढालही धरली जाते. म्हणजे ज्या पेढीची धान्याची उलाढाल २ कोटी आहे तिच्याच पॅनवर दलालीचे हजार रुपये आले, तरी ‘आमचा सारा व्यवहार करमुक्त’ हे म्हणणे राहत नाही व नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. हजार रुपयांसाठी सबंध पेढी विवरणपत्रांच्या फेऱ्यात येते. सबब हे काम मुलाने, मुलीने वा सुनेने खरोखर स्वतः करावे, स्वतःच्या पॅनवर व स्वतःच्या बँकखात्यात. केवळ नाव त्यांचे व काम पेढीचे, असे करू नये. सुरुवात करण्याआधी आपल्या करसल्लागारास हे एकदा विचारून घ्यावे. पेढी आधीच नोंदलेली असेल तर अडचण नाही. तेव्हा दलालीवर पहिल्या रुपयापासून कर लावून बिल करावे. आयकराच्या बाबतीत, वर्षास २०,००० रुपयांहून अधिक दलाली देणारी भारतीय कंपनी २ टक्के कापून घेते. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, त्यापूर्वी ५ टक्के होता. ती कापलेली रक्कम आपल्या खाती दिसते की नाही ते पाहावे. विवरणपत्र भरले तर जादा कापलेले परत मिळते.

राहिला प्रश्न हंगामाचा. हिशोबाची प्रणाली व्यापारी १ एप्रिलला बदलतो, मध्येच सहसा बदलत नाही. दसरा-दिवाळीपासून कापसाची आवक सुरू झाली की आपल्या पेठेत कोणास मान वर करावयास सवड नसते. माघ महिन्याच्या सुमारास थोडी उसंत मिळते. तेव्हा लोक वर्षभराच्या चुका मोजीत असतात व नवे काही दाखविले तर पाहतात. म्हणून लेख, चित्रफिती व नमुन्याच्या पट्ट्या डिसेंबरअखेर तयार असाव्यात, जानेवारी-फेब्रुवारीत दुकानोदुकानी जाऊन महिनाभराची फुकट चाचणी चालू करून द्यावी, आणि गिऱ्हाइकाचा जुना शिलकी हिशोब नव्या प्रणालीत मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच चढवून द्यावा. मार्चअखेर मुनीम कोणाचे ऐकत नाही.